अण्णासाहेब किर्लोस्कर : गाणारे पात्र आणि ऐकणारा प्रेक्षक

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस :
• अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या जीवनाचा आणि नाट्यकार्याचा परिचय करून देता येईल.
• विष्णुदास भावे यांच्या नाट्यप्रयोगाची रीत आणि अण्णासाहेबांची रीत यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• संगीत नाटकाच्या प्रयोगात प्रेक्षकाचा सहभाग कसा घडतो, हे भाषा व पदरचना यांच्या आधारे सांगता येईल.
• या सहभागाचे लाभ आणि त्याची किंमत यांविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, बदलापूरच्या अभ्यासकेंद्रात एका रविवारी संगीत नाटकावरचे संपर्कसत्र चालू होते. मागच्या बाकावर बसलेल्या एका विद्यार्थ्याने एक शंका विचारली. वयाने ते चाळिशीच्या पुढचे होते. रोज सकाळच्या लोकलने मुंबईला नोकरीसाठी जाणारे आणि त्याच डब्यातील भजनी मंडळात टाळ धरणारे. त्यांची शंका अशी, की संकटात सापडलेला माणूस एकाएकी गाऊ लागतो, हे खरे कसे मानायचे? प्रत्यक्ष आयुष्यात तर कोणी असे गात नाही. वर्गात थोडे हसू उमटले. पण शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मराठी संगीत नाटकाचा सारा इतिहास या एका शंकेभोवती फिरतो, असे म्हटले तरी चालेल.

ही शंका १८८० साली पुण्यातील एका सरकारी कचेरीत काम करणाऱ्या गृहस्थांपुढे निराळ्या रूपात उभी होती. पात्राचे गाणे खरे वाटावे म्हणून रंगमंचावर काय बदलावे लागेल, आणि ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून काय असावे लागेल, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांनी निबंध लिहून दिले नाही. नाटक उभे करून दिले. ते गृहस्थ म्हणजे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर. या घटकात त्यांचे चरित्र आपण याच प्रश्नाच्या अनुरोधाने पाहणार आहोत.

२. जन्म, शिक्षण आणि नाटकाचा छंद

अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी गुर्लहोसूर या गावी झाला. हे गाव आज कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात आहे. घरची भाषा मराठी आणि भोवतालची कानडी, अशा दुभाषी वातावरणात ते वाढले. ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी. कारण पुढे त्यांनी मराठी पदांसाठी ज्या चाली निवडल्या, त्यांत कानडी गीतांच्या चालीही मोठ्या संख्येने आढळतात. दोन भाषा कानावर असलेल्या माणसाला शब्द आणि चाल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे लवकर कळते. एका भाषेतील चाल दुसऱ्या भाषेतील शब्दांना कशी लागू पडेल, याचा विचार त्याला सहज सुचतो.

शिक्षणासाठी ते धारवाड, कोल्हापूर आणि पुढे पुणे येथे राहिले. परंतु पुण्यात पुस्तकांपेक्षा नाटकांनी त्यांना अधिक ओढून घेतले. फिरत्या नाटक मंडळ्यांना पदे रचून देणे, त्यांच्यात मिसळणे, तालमी पाहणे यांत त्यांचा काळ जाऊ लागला आणि औपचारिक शिक्षण अपुरे राहिले. १८६६ साली त्यांनी 'भारतशास्त्रोत्तेजक मंडळी' नावाची नाटक मंडळी काढली. पण ती फार काळ टिकली नाही. त्यानंतर त्यांनी बेळगावात शिक्षकाची नोकरी केली, काही काळ पोलीस खात्यात काढला आणि अखेर पुण्यातील रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत ते रुजू झाले. मधल्या काळात 'श्रीशांकरदिग्जय' हे गद्य नाटक त्यांनी लिहिले. ते १८७३ साली प्रसिद्ध झाले.

बेळगावच्या शिक्षकी पेशाने त्यांना एक मोलाची गोष्ट दिली. तेथे त्यांच्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थ्यांत गोविंद बल्लाळ देवल होते. पुढे 'शारदा' लिहिणारे आणि नटांना तालीम देण्यात नाव मिळवणारे देवल ते हेच.

आपल्यापैकी अनेकांनी नोकरी, संसार आणि मध्येच सुटलेले शिक्षण यांचा मेळ घालत पदवीचा अभ्यास हाती घेतला आहे. म्हणून येथे एक नोंद करावीशी वाटते. ज्या कामासाठी अण्णासाहेबांचे नाव आजही घेतले जाते, ते त्यांनी हाती घेतले तेव्हा त्यांचे वय सदतीस वर्षांचे होते. त्यांच्या मागे एक बंद पडलेली नाटक मंडळी आणि एक अर्धवट राहिलेले शिक्षण होते. नाटकातल्या माणसाला समाजात फारसा मान नव्हता. सुशिक्षित, नोकरदार गृहस्थाने स्वतः रंगमंचावर उभे राहणे म्हणजे लौकिक पणाला लावणे होते.

३. अण्णासाहेबांपूर्वीचा नाट्यप्रयोग

अण्णासाहेबांचे वेगळेपण समजण्यासाठी त्यांच्या आधीची रीत पाहिली पाहिजे. योगायोग असा, की ज्या वर्षी अण्णासाहेब जन्मले, त्याच १८४३ साली सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' नाटकाचा प्रयोग केला. भाव्यांच्या नाटकात सूत्रधार हा सर्वांत महत्त्वाचा घटक असे. तो आपल्या साथीदारांसह रंगमंचावर उभा राहून पदे म्हणत असे. आरंभी गणपती व सरस्वती येत, विदूषक येई, आणि मग कथानक सुरू होई. कोणते पात्र येत आहे, त्याच्या मनात काय आहे, पुढे काय घडणार आहे, हे सारे सूत्रधाराच्या पदातून कळे. त्या पदाच्या अनुरोधाने पात्र हावभाव करी आणि आपले गद्य भाषण आयत्या वेळी जुळवून बोले. राक्षसांच्या आरोळ्या व युद्धाचे प्रसंग हे त्या खेळांचे मोठे आकर्षण होते.

भाषेच्या अंगाने या रचनेकडे पाहा. सूत्रधार जेव्हा सीतेच्या मनातील भाव गातो, तेव्हा तो सीतेविषयी गातो. त्या पदाचा पुरुष व्याकरणदृष्ट्या तृतीयपुरुष असतो : ती आली, ती लाजली, ती रडली. सीता समोर उभी असते, पण गाणे तिचे नसते. म्हणजे भावना एका देहात आणि स्वर दुसऱ्या देहात, अशी विभागणी होते. प्रेक्षक कथा ऐकतो आणि तिचे दृश्य पाहतो. कीर्तनकाराचे आख्यान ऐकताना आपली जी भूमिका असते, तिच्याहून ही फार दूर नाही.

भाव्यांनंतर दुसरी एक धारा सुरू झाली. विनायक जनार्दन कीर्तने यांच्या १८६१ सालच्या 'थोरले माधवराव पेशवे' या नाटकासारखी आधी लिहून काढलेली गद्य नाटके, म्हणजे त्या काळच्या भाषेत बुकिश नाटके, रंगमंचावर येऊ लागली. यांत पात्रांना लिखित संवाद मिळाले, प्रथमपुरुष मिळाला; परंतु गाणे दूर गेले. एकीकडे गाणे होते, पण ते पात्राचे नव्हते. दुसरीकडे पात्राचे स्वतःचे बोलणे होते, पण गाणे नव्हते. १८८० च्या सुमारास मराठी रंगभूमी या दुपेडी अवस्थेत होती.

४. 'इंद्रसभा' पाहिल्यानंतर

१८८० साली पुण्यात एका पारशी नाटक मंडळीचा 'इंद्रसभा'चा खेळ अण्णासाहेबांनी पाहिला. लखनौच्या आगा हसन अमानत यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रचलेले हे गीतप्रधान नाटक पारशी मंडळ्यांनी देशभर लोकप्रिय केले होते. मुंबईत त्या काळी युरोपीय ऑपेराचे खेळही होत असत, आणि पारशी रंगभूमीने त्या थाटाचे रंगवलेले पडदे व दृश्यांची भपकेबाज मांडणी उचलली होती. 'इंद्रसभा'त परी आणि राजपुत्र स्वतः गातात. ते पाहून असे नाटक मराठीत का होऊ नये, या विचाराने अण्णासाहेबांना घेरले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. पात्रांच्या तोंडी गाणी घालण्याचा प्रयत्न त्यांच्या आधी मराठीत झालाच नव्हता, असे नाही. सोकर बापूजी त्रिलोकेकर यांचे 'नलदमयंती' हे संगीत नाटक १८७९ साली आले होते. परंतु ज्या प्रयोगातून एक परंपरा सुरू झाली, तो प्रयोग अण्णासाहेबांचा. याचे कारण केवळ कालक्रमात शोधून सापडणार नाही. ते त्यांच्या निवडींत शोधावे लागते.

पहिली निवड कथानकाची. परीकथेऐवजी त्यांनी कालिदासाचे 'अभिज्ञानशाकुंतल' घेतले. सुशिक्षित प्रेक्षकाला त्याविषयी आदर होता, आणि शकुंतलेची कथा पुराणश्रवणामुळे इतरांनाही ठाऊक होती. दुसरी निवड रूपाची. युरोपीय ऑपेरात बहुधा सर्व संवाद गायले जातात. अण्णासाहेबांनी तसे केले नाही. संस्कृत नाटकात गद्य संवादाच्या मध्ये भावना दाटून आली की श्लोक येतो. त्या श्लोकाच्या जागी त्यांनी पद ठेवले. त्यामुळे गाणे बाहेरून चिकटवल्यासारखे वाटले नाही. बोलण्याने जेथे पुढे जाता येत नाही, तेथून गाणे सुरू झाले. प्रास्ताविकातील शंकेचे पहिले उत्तर हे आहे.

भाषेच्या अभ्यासकाला यात आणखी एक गंमत दिसते. संस्कृत नाटकाच्या संकेतानुसार राजा संस्कृत बोलतो. शकुंतला आणि तिच्या सख्या शौरसेनी प्राकृतात बोलतात. आणि स्त्रियांची गीते मात्र महाराष्ट्री प्राकृतात असतात. ही महाराष्ट्री म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज भाषा. म्हणजे कालिदासाच्या नाटकातही गाण्याची भाषा एका अर्थाने आपल्याकडचीच होती. अण्णासाहेबांच्या मराठीत राजा आणि आश्रमकन्या एकाच भाषेत बोलू व गाऊ लागली. दोघांमधील भाषेची भिंत गेली आणि प्रेक्षक व शकुंतला यांच्यामधील भिंतही गेली.

५. ३१ ऑक्टोबर १८८० : प्रयोगाची नवी रीत

कचेरीतील नोकरी सांभाळून अण्णासाहेबांनी नाटक लिहिले, माणसे जमवली आणि तालमी घेतल्या. पुण्यातील आनंदोद्भव नाट्यगृहात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी 'संगीत शाकुंतल'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. मोरोबा वाघोलीकर यांनी दुष्यंताची आणि शंकरराव मुजुमदार यांनी शकुंतलेची भूमिका केली. बाळकोबा नाटेकर यांच्यासारखा उत्तम गायक मंडळीत होता. सूत्रधाराचे काम स्वतः अण्णासाहेबांनी केले.

या प्रयोगात रंगमंचावर नेमके काय बदलले?

अ) सूत्रधार नांदीपुरता आणि प्रस्तावनेपुरता उरला. प्रस्तावना संपली की तो आत जातो. नाटकाची सूत्रे पात्रांच्या हाती येतात.

आ) गाणारा आणि भोगणारा एक झाला. पदाचा व्याकरणातील पुरुष बदलला. तृतीयपुरुषाच्या जागी प्रथमपुरुष आला. आता शकुंतलेविषयी कोणी गात नाही. शकुंतलाच आपल्याविषयी गाते.

इ) आयत्या वेळच्या भाषणांची जागा लिहून पाठ केलेल्या संवादांनी घेतली. गद्य कोठे थांबावे आणि पद कोठे सुरू व्हावे, हे आधी ठरलेले असे. त्यामुळे तालमीला महत्त्व आले.

ई) आरोळ्या आणि युद्धनृत्ये यांऐवजी आश्रम, लतामंडप, सखींचा संवाद अशी शांत दृश्ये आली. प्रेक्षकाने कान देऊन ऐकावे, अशी मांडणी झाली.

या चार बदलांत दुसरा बदल मध्यवर्ती आहे. प्रथमपुरुषी वाक्याचा एक गुण असा, की ते म्हणणारा कोणीही त्या वाक्यातील मी होऊ शकतो. तृतीयपुरुषी पद गुणगुणताना आपण शकुंतलेची गोष्ट सांगतो. प्रथमपुरुषी पद गुणगुणताना, क्षणभर का होईना, आपण स्वतः शकुंतला होतो. खेळ संपल्यावर घरी जाणारा प्रेक्षक जेव्हा ते पद गुणगुणू लागला, तेव्हा नाटक नाट्यगृहातून बाहेर पडले.

पहिला प्रयोग चार अंकांवर थांबला, याकडेही लक्ष द्या. चौथा अंक म्हणजे शकुंतलेची पाठवणी. कण्व मुनींसारखा विरक्त पुरुषही मानलेल्या मुलीला निरोप देताना व्याकुळ होतो. ज्या घरातून मुलगी लहान वयात सासरी जात असे, त्या घरातील प्रत्येकाला तो प्रसंग आपल्या उंबरठ्यावरचा वाटला असणार. पुढील वियोग, अंगठी, पुनर्मीलन हे सारे त्या रात्री दिसले नाही. पहिल्या रात्रीचे प्रेक्षक त्या निरोपापाशीच घरी परतले. उरलेले अंक नंतर तयार झाले आणि सातही अंकांचे नाटक रंगमंचावर आले.

६. ओळखीची चाल, नवे शब्द

'शाकुंतल'मध्ये दोनशेच्या घरात पदे आहेत. इतकी पदे एका रात्रीत ऐकणाऱ्याला ती परकी का वाटली नाहीत? कारण त्यांच्या चाली त्याच्या कानाला आधीच ठाऊक होत्या. अण्णासाहेबांनी साकी, दिंडी यांसारखे वृत्तप्रकार, कीर्तनातील चाली, लावणीची वळणे, स्त्रियांच्या गाण्यांतील चाली आणि कानडी गीतांच्या चाली मोकळेपणाने वापरल्या. रागदारीचा आधार होता. पण नाटकभर गायनाची मैफल मांडलेली नव्हती. पदे बहुधा आटोपशीर होती आणि कथा पुढे नेणारी होती.

उदाहरणादाखल दिंडी हे वृत्त घ्या. तिच्या प्रत्येक चरणात १९ मात्रा असतात आणि नवव्या मात्रेनंतर विसावा येतो. साकीचा चरण २८ मात्रांचा, सोळाव्या मात्रेनंतर थांबणारा. कीर्तन आणि आख्यानकविता ऐकत वाढलेल्या माणसाच्या कानात हे मोजमाप मुरलेले असते. चरण सुरू झाला की तो कोठे विसावणार आणि कोठे संपणार, हे त्याला आधीच जाणवते. शब्द नवे असतात, पण त्यांच्यासाठी जागा तयार असते. ऐकणारा मनातल्या मनात चरण पूर्ण करतो. प्रेक्षकाचा सहभाग टाळ्यांच्या कितीतरी आधी, असा मूकपणे सुरू होतो.

आता आपल्या लोकलच्या डब्याकडे वळू. बदलापूरहून गाडी सुटल्यावर भजनी मंडळातील एक जण अभंगाचा चरण उचलतो. पुढच्या स्थानकावर चढलेला, मंडळाशी कसलाही संबंध नसलेला प्रवासी दुसऱ्या चरणाला नकळत ओठ हलवू लागतो. त्याला कोणी आमंत्रण दिलेले नसते. चालीनेच त्याला आत घेतलेले असते. अण्णासाहेबांची युक्ती हीच होती. शंका विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याला हे उदाहरण दिले, तेव्हा आपण रोज करतो तेच नाटकात चालते, हे त्यांच्या लगेच ध्यानात आले. दमलेला माणूस सकाळच्या गर्दीत उभा राहून गातो, तेव्हा ते खोटे असते का? उत्तर त्यांच्याकडेच होते.

या डब्याचा आणि नाटकाचा आणखी एक संबंध आहे. १८६३ साली बोरघाटातील लोहमार्ग खुला झाल्यावर पुणे आणि मुंबई रेल्वेने जोडली गेली. हा मार्ग कर्जत, बदलापूर, कल्याण असाच येतो. पुण्यात सुरू झालेले 'शाकुंतल' लवकरच मुंबईकरांनीही पाहिले. फिरत्या नाटक मंडळ्यांचा पसारा, म्हणजे पडदे, पेट्या आणि माणसे, गावोगाव नेणे रेल्वेमुळे सोपे झाले. ज्या रुळांवरून आपण कामावर जातो, त्या रुळांनी मराठी संगीत नाटकालाही पाय दिले.

७. 'सौभद्र' : प्रेक्षकाला गुपितात घेणारे नाटक

१८८२ मध्ये बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर किर्लोस्कर मंडळीत आले. तेव्हा ते विशीच्या आतबाहेर होते. त्या काळी स्त्रीभूमिका पुरुषच करीत. भाऊरावांचा आवाज आणि रूप यांमुळे त्यांची शकुंतला आणि पुढे सुभद्रा लोकांना इतकी प्रिय झाली, की प्रेक्षक त्यांना घरच्या मुलासारखे भावड्या म्हणू लागले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात 'संगीत सौभद्र'च्या पहिल्या तीन अंकांचा प्रयोग झाला, आणि १८८३ मध्ये पाचही अंकांचे नाटक आले. मोरोबा वाघोलीकर अर्जुन झाले. 'शाकुंतल' हे रूपांतर होते. 'सौभद्र' महाभारतातील कथेवर रचलेले अण्णासाहेबांचे स्वतंत्र नाटक. सुभद्रेचे मन अर्जुनावर आहे; बलरामाला ती दुर्योधनाला द्यायची आहे; आणि कृष्ण वरून शांत राहून आतून सारी सूत्रे हलवतो आहे. अर्जुन संन्याशाच्या वेषात येतो, आणि भोळा बलराम त्याच संन्याशाच्या सेवेला सुभद्रेला ठेवतो.

या प्रसंगातील प्रेक्षकाची जागा पाहा. संन्यासी कोण आहे, हे कृष्णाला ठाऊक आहे आणि प्रेक्षकाला ठाऊक आहे. बलरामाला ठाऊक नाही; सुभद्रेलाही प्रथम ठाऊक नाही. म्हणजे लेखकाने प्रेक्षकाला कृष्णाच्या शेजारी बसवले आहे. रंगमंचावरील प्रत्येक वाक्याला दोन अर्थ येतात : एक बोलणाऱ्याचा, दुसरा ऐकणाऱ्याचा. हा दुसरा अर्थ संहितेत छापलेला नसतो. तो प्रेक्षकाच्या मनात तयार होतो आणि नाट्यगृहात हास्याच्या रूपाने प्रकट होतो. प्रेक्षक नसेल तर 'सौभद्र' अपुरे आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

शिवाय ही द्वारका राजवाड्यापेक्षा एखाद्या मराठी घरासारखी वाटते. थोरल्या भावाचा हट्ट, धाकट्याची चतुराई, बहिणीच्या लग्नाची काळजी, रुसवेफुगवे हे सारे प्रेक्षकाने स्वतःच्या घरी पाहिलेले असते. देव माणसांत आले, आणि तेही ओळखीच्या चालीत बोलत-गात आले.

८. वन्स मोअर : प्रेक्षकाचा अधिकार

संगीत नाटकाबरोबर मराठीत एक शब्द रुजला, तो म्हणजे वन्स मोअर. इंग्रजीत ते क्रियाविशेषण. मराठीने त्याचे नाम केले, त्याला पुल्लिंग दिले आणि तो मिळतो, घेतला जातो, दिला जातो अशी क्रियापदे त्याला जोडली. युरोपातील प्रेक्षक अशाच वेळी आंकोर म्हणून ओरडत; आपल्याकडे इंग्रजी शब्द आला, पण वागला मराठीसारखा. एखाद्या शब्दाला भाषा इतकी आपलीशी करते, तेव्हा त्यामागे समाजाची खरी गरज असते.

वन्स मोअर म्हणजे केवळ स्तुती नव्हे. चाललेले नाटक थांबवून त्यातील काळ मागे फिरवण्याचा तो अधिकार आहे. निरोप घेऊन निघालेली शकुंतला परत वळते आणि तोच निरोप पुन्हा गाते. कथेच्या तर्काला हे सोडून आहे. प्रयोगाच्या तर्काला मात्र धरून आहे, कारण प्रयोग नट आणि प्रेक्षक यांच्या संमतीने चालतो.

तुलनेसाठी त्याच सुमाराची एक घटना पाहू. १८७६ साली जर्मनीतील बायरॉइट या गावी रिचर्ड वाग्नर या संगीतकाराने आपल्या ऑपेरांसाठी बांधलेले नाट्यगृह सुरू झाले. तेथे प्रेक्षागृहात अंधार केला जाई, वादकवृंद नजरेआड ठेवलेला असे, आणि प्रेक्षकाने निःशब्द होऊन रंगमंचावरील जगात बुडून जावे, अशी अपेक्षा असे. त्यानंतर चारच वर्षांनी पुण्यात सुरू झालेल्या संगीत नाटकात प्रेक्षक नाटकाला अडवू शकत होता. एकीकडे प्रेक्षकाने विरघळून जावे, दुसरीकडे त्याने बोलते व्हावे. दोन्ही मार्ग गाण्याचेच. पण प्रेक्षकाविषयीच्या दोन भिन्न कल्पना त्यांमागे आहेत.

या अधिकाराची किंमतही होती, हे विसरता कामा नये. गाण्याला दाद मिळते, हे दिसल्यावर पुढच्या पिढ्यांत पदे लांबत गेली, आलाप-ताना वाढल्या, खेळ पहाटेपर्यंत चालू लागले आणि पुष्कळदा नाटक मागे पडून मैफल पुढे आली. अण्णासाहेबांच्या पदांत कथेशी असलेले जे इमान होते, ते पुढे नेहमीच टिकले नाही. ज्या दाराने प्रेक्षक आत आला, त्याच दाराने ही अडचणही आली. याचा दोष अण्णासाहेबांवर ठेवता येणार नाही. पण त्यांच्या रचनेतच हा धोका होता, हे अभ्यासकाने मान्य केले पाहिजे.

९. अखेर आणि वारसा

१८८४ मध्ये अण्णासाहेबांच्या 'रामराज्यवियोग' या नाटकाचे तीन अंक रंगमंचावर आले. रामाच्या वनवासाच्या कथेवरील हे नाटक मात्र त्यांच्या हातून पूर्ण झाले नाही. २ नोव्हेंबर १८८५ रोजी गुर्लहोसूर येथे, जन्मगावीच, त्यांचे निधन झाले. वय बेचाळीस वर्षांचे होते. 'शाकुंतल'च्या पहिल्या प्रयोगापासून मृत्यूपर्यंतचा काळ मोजला, तर तो जेमतेम पाच वर्षांचा भरतो.

एका माणसाभोवती उभी राहिलेली मंडळी तो गेल्यावर मोडते, हा नाट्यव्यवसायातील नेहमीचा अनुभव. किर्लोस्कर मंडळी मोडली नाही. भाऊराव, मोरोबा, बाळकोबा, शंकरराव आदींनी ती पुढे चालवली. देवलांचे 'शारदा' १८९९ मध्ये याच मंडळीने रंगमंचावर आणले. त्यात वृद्धाशी ठरवल्या जाणाऱ्या बालिकेच्या लग्नाचा जळता सामाजिक प्रश्न होता. पण रीत तीच, अण्णासाहेबांची : ओळखीची चाल आणि प्रथमपुरुषी पद. पुढे बालगंधर्व याच मंडळीत नावारूपाला आले, आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' १९११ साली याच मंडळीने केले. अण्णासाहेबांचे चरित्रही त्यांच्या पहिल्या शकुंतलेने, म्हणजे शंकरराव मुजुमदारांनीच लिहिले.

१०. समारोप

अण्णासाहेब किर्लोस्करांनी गाणे सूत्रधाराकडून काढून पात्राला दिले. हा बदल वरवर लहान दिसतो. पण त्यामुळे पदाचा व्याकरणातील पुरुष बदलला, रंगमंचाची मांडणी बदलली आणि प्रेक्षकाची जागा बदलली. ओळखीच्या चालींनी त्यांनी प्रेक्षकाला आत घेतले, 'सौभद्र'मध्ये त्याला गुपितात सामील केले. त्यांच्यामागून वाढलेल्या परंपरेत प्रेक्षकाने वन्स मोअरचा अधिकार स्वतःच घेतला.

संकटात माणूस गातो का, या शंकेने आपण आरंभ केला होता. अण्णासाहेबांच्या नाटकांवरून असे म्हणता येईल, की पात्र एकटे गात नाही. ऐकणाऱ्याच्या मनात ती चाल आधीपासून असते, म्हणून ते गाणे खरे ठरते. पुढच्या वेळी गावातील उत्सवात, कीर्तनात किंवा लोकलच्या डब्यात आपले ओठ नकळत हलले, तर क्षणभर थांबून आपल्याला कोणी आत घेतले, हे पाहा. या घटकाचा अभ्यास तेथून पुढे सुरू होईल.

स्वाध्याय

१. विष्णुदास भावे आणि अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या नाट्यप्रयोगांतील सूत्रधाराचे स्थान तुलनेने स्पष्ट करा.

२. पदातील तृतीयपुरुष जाऊन प्रथमपुरुष आल्यामुळे प्रेक्षकाच्या अनुभवात कोणता फरक पडतो? सोदाहरण लिहा.

३. 'सौभद्र'मधील अर्जुनाच्या वेषांतराच्या प्रसंगात प्रेक्षकाची भूमिका कोणती, ते सांगा.

४. वन्स मोअरच्या प्रथेने संगीत नाटकाचा लाभ झाला की हानी? आपले मत दोन्ही बाजू विचारात घेऊन मांडा.

५. क्षेत्रकार्य : आपल्या परिसरातील एखाद्या भजनाला, कीर्तनाला किंवा नाटकाला उपस्थित राहा. श्रोते कोणत्या क्षणी सामील होतात आणि त्या क्षणी शब्द, चाल व लय यांपैकी काय ओळखीचे असते, याची सुमारे ३०० शब्दांत नोंद करून ती संपर्कसत्रात सादर करा.